पिनियन ऑइल सील बदलणे (ट्रकचा मागचा ॲक्सल)

ट्रकचा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची फिरकी मागे नेणारा दांडा) मागच्या ॲक्सलच्या डिफरन्शिअलला (चाकांना फिरकी वाटणाऱ्या गिअरसंचाला) जिथे जोडला जातो, त्या तोंडाशी बसवलेल्या कडीला पिनियन ऑइल सील म्हणतात; पिनियन म्हणजे शाफ्टची फिरकी आत नेणारा छोटा गिअर. ही कडी पत्र्याची असून तिला आतून रबरी ओठ असतो. ओठाभोवतीच्या बारीक स्प्रिंगमुळे तो फिरत्या फ्लँजच्या (पिनियन शाफ्टला जोडणाऱ्या तबकडीच्या) गुळगुळीत गळ्यावर टेकून राहतो आणि हाउसिंगमधले, म्हणजे ॲक्सलच्या कवचातले, गिअर ऑइल अडवतो. सील गळू लागले की ऑइल फ्लँजबरोबर गरगरत उडते आणि आजूबाजूचा सगळा भाग काळा, चिकट होतो. ऑइल चाकाच्या ड्रमवर आले असेल, तर दोष हबच्या सीलचा असतो.

नुसते सील बदलून काम संपले असे मानणे ही या दुरुस्तीतली सर्वांत महाग पडणारी चूक आहे. कोकणात तर कारण बहुधा दुसरीकडेच असते. भरलेली गाडी आंबा किंवा कुंभार्ली घाट चढते तेव्हा हाउसिंग तापते, आतली हवा फुगते आणि ॲक्सलवरच्या ब्रीदरमधून (हवा जाण्या-येण्याच्या छोट्या तोंडातून) बाहेर पडते. जांभ्या मातीच्या चिखलाने ब्रीदर बुजला, तर ती हवा ऑइलला सीलमधून बाहेर ढकलते. पावसाळ्यात तापलेला ॲक्सल मोरीवरच्या वाहत्या पाण्यात बुडाला की उलट घडते: हवा एकदम आकसते आणि ओठाखालून पाणी आत ओढले जाते. दुधाळ झालेले ऑइल ही त्याची खूण. मासळीच्या गाड्यांना आणखी एक त्रास असतो. बर्फाचे खारे पाणी हौद्यातून ॲक्सलवर ठिबकत राहते, फ्लँजचा गळा गंजतो आणि त्या खरबरीत गंजावर नवा ओठही लवकर कापला जातो.

काम सपाट, टणक जागीच करावे. शाफ्ट सुटल्यावर गिअरमध्ये टाकलेली गाडी अडत नाही, आणि ज्या गाड्यांचा हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागे असतो त्यांचा ब्रेकही निरुपयोगी ठरतो. म्हणून चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. जांभ्याचा चिरा जॅकखाली कधीच ठेवू नये, तो वजनाने फुटतो.

शाफ्ट आणि फ्लँज यांच्यावर जुळणीची खूण करून बोल्ट काढावेत आणि शाफ्ट लोंबकळत न ठेवता बांधावा. फ्लँज धरून ठेवणारा पिनियनचा नट सोडवण्याआधी फ्लँज वर-खाली हलवून पाहावा. तो खडखडत असेल तर बेअरिंग झिजले आहे आणि नवे सीलही टिकणार नाही.

हाच नट बेअरिंगवरचा दाब ठरवतो, म्हणून खरी काळजी इथे हवी. मोठ्या ट्रकमध्ये बहुधा घन स्पेसर (बेअरिंगांमध्ये अंतर राखणारी नळी) आणि शिम (पातळ चकत्या) असतात. तिथे नट कंपनीने दिलेल्या टॉर्कला (पिळण्याच्या जोराला) कसून नवी पिन लावली की पुरते. पिकअपसारख्या हलक्या गाड्यांत पुष्कळदा दबणारा स्पेसर असतो. तिथे नटाची जागा आधी खूण करून ठेवावी आणि पिनियन हाताने फिरवताना लागणारा जोर मोजावा. परत कसताना त्याच खुणेपर्यंत यावे, मग अगदी किंचित पुढे जाऊन तोच जोर पुन्हा मोजावा. एकदा जास्त दबलेला स्पेसर परत फुलत नाही.

फ्लँज पुलरने ओढावा, हातोड्याने ठोकू नये. जुने सील काढताना ते ज्या घरात (हाउसिंगच्या खाचेत) बसते त्यावर ओरखडा पडता कामा नये. नव्याची मापे जुन्याशी ताडून, ओठाला ऑइल लावून, स्प्रिंगची बाजू आत ठेवून ते सरळ बसवावे. फ्लँजच्या गळ्यावर खाच पडली असेल तर त्यावर पातळ स्लीव्ह चढवावी किंवा फ्लँजच बदलावा. फ्लँज पिनियनवर ज्या दात्यांनी बसतो त्यांतूनही ऑइल झिरपते, तिथे थोडे सीलंट लावतात.

ब्रीदर साफ करून, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचे ऑइल भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत भरावे. जुने दुधाळ ऑइल पूर्ण काढूनच हे करावे. मग गाडी थोडी चालवून पिनियनचे नाक तपासावे: ते बाकी हाउसिंगपेक्षा खूपच तापले असेल, तर नट जास्त कसला गेला आहे.