बँड एकच, भाडेकरू अनेक

टिंब-रेघांत बोलणारे मोर्सवाले आणि संगणकाने संदेश पाठवणारे डिजिटलवाले यांची भांडणं एफटी८ या संगणकी पद्धतीने लावली, असं नवे हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, धरून चालतात. वाद त्याहून खूप जुना आहे; दर पिढीला आरोपी तेवढा नवा मिळतो. १९२०च्या दशकात ठिणगीचे ट्रान्समीटर बँडचा, म्हणजे हॅमना नेमून दिलेल्या रेडिओलहरींच्या टापूचा, मोठा पट्टा गढूळ करायचे आणि व्हॉल्व्हवर स्वच्छ मोर्स पाठवणाऱ्यांची त्यांच्याशी जुंपायची. १९५०च्या दशकात एएम या आवाज पाठवण्याच्या जुन्या पद्धतीने गप्पा मारणाऱ्यांना एसएसबी ही नवी पद्धत म्हणजे बदकांचा कलकलाट वाटे. खरं तर एसएसबीला एएमच्या निम्मीच जागा लागते.

अमेरिकेने वाटणी कायद्यातच करून टाकली, तीही प्रकार पाहून. २० मीटर लांबीच्या लहरींच्या बँडवर १४.१५० मेगाहर्ट्झच्या खाली मोर्स आणि डेटा, वर आवाज. १९८०मध्ये संगणकी संकेतांना परवानगी मिळाली, पण ३०० बॉडच्या (सेकंदाला ३०० चिन्हं) मर्यादेत. युरोपात हौशी संघटनांनी आपसांत ठरवलेला बँडप्लॅन चालतो. २००६पासून तो सिग्नलच्या रुंदीवर बेतलेला आहे: २००, ५००, २७०० हर्ट्झ अशा पायऱ्या. तसाच प्रस्ताव अमेरिकेतल्या एआरआरएल या संघटनेने २००५मध्ये मांडला आणि सभासदांच्या विरोधापुढे २००७मध्ये मागे घेतला. त्याच सुमारास, डिसेंबर २००६मध्ये, अमेरिकेत ८० मीटरवर आवाजाची हद्द ३.६०० मेगाहर्ट्झपर्यंत खाली आली आणि मोर्स व डेटा उरलेल्या १०० किलोहर्ट्झमध्ये कोंबले गेले. तिथून कुरबुर वाढली.

माझ्या मते मूळ दुखणं रुंदीचं नाहीच, ऐकण्याचं आहे. मोर्सवाला कळ दाबण्याआधी 'क्यूआरएल?' विचारतो: जागा रिकामी आहे ना? आपोआप उत्तर देणारं ईमेल स्टेशन हे विचारत नाही, आणि त्याने मोडलेला क्यूएसओ (दोघांचं संभाषण) कुणाचा होता हेही त्याला कळत नाही. म्हणूनच अशा स्टेशनांना अमेरिकेत ठराविक तुकडे नेमून दिले. बाहेर फक्त माणसाने हाक मारली तर उत्तर द्यायचं, तेही ५०० हर्ट्झच्या आत.

कीबोर्डवाल्यांचा तसा कुणाला त्रास नव्हता. पीटर मार्टिनेझ यांनी १९९८मध्ये आणलेलं पीएसके३१, म्हणजे टाइप करून गप्पा मारण्याची पद्धत, इतकं अरुंद, की १४.०७० च्या आसपास निमूट मावून जायचं. मग २०१७मध्ये जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांचं एफटी८ आलं. टेलर हे १९९३चे भौतिकशास्त्राचे नोबेल मानकरी. गोंगाटाखाली दबलेला सिग्नल कसा उपसायचा, हे पल्सार (रेडिओचे ठोके देणारे तारे) शोधणाऱ्याला कुणी शिकवायला नको. पंधरा सेकंदांची पाळी, घड्याळं जुळलेली, प्रत्येकाला जेमतेम ५० हर्ट्झ. एका एसएसबी संभाषणाच्या जागेत डझनावारी स्टेशनं. जागा वाचली खरी, पण सगळे १४.०७४ वरच गोळा झाल्याने पीएसके३१ची वस्ती ओसरली. ४० मीटरवरचं ७.०७४ तर युरोपच्या बँडप्लॅनमध्ये एसएसबी चालणाऱ्या पट्ट्यातच येतं. आपल्याकडेही ४० मीटर हा सकाळच्या नेटचा (ठरल्या वेळी जमणाऱ्या बैठकीचा) बँड, त्यामुळे बोलणाऱ्यांच्या कानांना ही किणकिण अपरिचित नाही.

अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने नोव्हेंबर २०२३मध्ये ३०० बॉडची मर्यादा अखेर काढली आणि तिच्या जागी २.८ किलोहर्ट्झ रुंदीची आणली. वेगवान पॅक्टर, म्हणजे ईमेल स्टेशनांची पद्धत, आता कायदेशीर झालं, पण मोर्सच्याच पट्ट्यात. 'क्यूआरएल?'ला उत्तर देण्याची सक्ती मात्र त्या आदेशात कुणावरच नाही.