ठाण्यातले ऋतू आणि मुलांच्या इन्सुलिनची मात्रा

टाइप १ मधुमेह, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच न होणारा मधुमेह, असलेल्या मुलांच्या रक्तातील साखरेवर ऋतूंचा परिणाम होतो, ही गोष्ट युरोप-अमेरिकेतील डॉक्टरांच्या फार पूर्वीच लक्षात आलेली आहे. तेथील मुलांची एचबीएवनसी, म्हणजे मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी, हिवाळ्यात थोडी वर जाते आणि उन्हाळ्यात खाली येते. हा फरक बहुतेक ठिकाणी पाव ते अर्ध्या टक्क्याच्या घरात असतो. हे वाचनात आलेल्या आपल्याकडच्या पालकांना साहजिकच प्रश्न पडतो, की मग डिसेंबर लागला की इन्सुलिन वाढवायचे का? ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्या मुलापुरते बोलायचे तर या प्रश्नाचे उत्तर बहुधा नकारार्थी आहे. ऋतूंचा परिणाम इथेही होतो, पण तो थंडीच्या वाटेने फारसा येत नाही.

मुळात थंडीने साखर वाढते, हे विधानच अर्धवट आहे. थंडीत शरीर ऊब निर्माण करण्यासाठी इंधन जाळते, त्यात ग्लुकोजही खर्च होते. म्हणजे निव्वळ थंडीचा परिणाम साखर थोडी उतरण्याकडे व्हायला हवा. तरीही बर्फाळ देशांत हिवाळ्यात ती चढते, कारण मुले घरात कोंडली जातात, सर्दी-फ्लूच्या साथी येतात आणि नाताळच्या सुट्टीत गोडधोड होते. कॅनडातील एडमंटन, ऑस्ट्रेलियातील मेलबर्न आणि सिंगापूर या तीन शहरांतील एचबीएवनसीच्या आकड्यांची तुलना २००९ मध्ये प्रसिद्ध झाली होती. पहिल्या दोन शहरांत आकडे आपापल्या हिवाळ्यात वर जात होते, म्हणजे वर्षाच्या उलट्या टोकांना. बारमाही उकाड्याच्या सिंगापुरात मात्र असा चढउतार जवळजवळ दिसला नाही. आपले हवामान या तिघांपैकी सिंगापूरलाच अधिक जवळचे आहे. सांताक्रूझ वेधशाळेत जानेवारीतले दुपारचे सरासरी कमाल तापमान ३१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि मे महिन्यातले त्याहून दोन-तीन अंशांनीच जास्त. खरा फरक पडतो तो रात्रीच्या तापमानात, आणि त्याहून अधिक हवेतील दमटपणात.

उन्हाळ्यापासून सुरुवात करू. इन्सुलिन आपण त्वचेखालच्या चरबीत टोचतो. तेथे त्याचे रेणू सहा-सहाच्या गटात बांधलेले असतात. ते सुटे झाल्यावरच बारीक रक्तवाहिन्यांत शिरू शकतात. त्वचा तापली की तेथील रक्तप्रवाह वाढतो आणि टोचलेले इन्सुलिन लवकर उचलले जाते. फिनलंडमध्ये १९८० च्या सुमारास मधुमेही रुग्णांना इंजेक्शननंतर सौना स्नानाच्या गरम खोलीत बसवून हे मोजले गेले, तेव्हा शोषणाचा वेग सुमारे दुप्पट झालेला आढळला. आपल्याला त्यासाठी सौनाची गरज नाही. दुपारी जेवणापूर्वी मांडीत इन्सुलिन घेऊन मूल लगेच उन्हातून क्लासला निघाले, किंवा त्याने कढत पाण्याने अंघोळ केली, तरी थोड्याफार प्रमाणात हेच घडते. तेच इन्सुलिन, तेवढेच युनिट, पण त्याचा जोर अपेक्षेपेक्षा आधी येतो, आणि पोटातले अन्न पचून साखर रक्तात उतरेपर्यंत तो ओसरू लागलेला असतो. साखरेच्या नोंदवहीत मग आधी कमी आणि नंतर जास्त असे आकडे दिसतात व मुलाने चोरून काहीतरी खाल्ले असा संशय घेतला जातो. मुलाला रागावण्याआधी त्या वेळी ते कुठे होते, एवढे तरी विचारावे.

सुट्टीचा परिणाम उन्हाहूनही मोठा असतो. समजा, नौपाड्यातील एका दहा वर्षांच्या मुलीचे वजन ३० किलो आहे आणि तिला दिवसाला एकूण २४ युनिट इन्सुलिन लागते. डॉक्टर वापरतात त्या ढोबळ आडाख्यानुसार १८०० ला २४ ने भागले की ७५ येतात, म्हणजे एका युनिटाने तिची साखर साधारण ७५ मिलिग्रॅमने उतरते. प्रौढाला किरकोळ वाटणारे एक युनिट या मुलीला १४० वरून थेट ७० च्या खाली नेऊ शकते. शाळा सुरू असताना तिचा दिवस बाकावर बसण्यात जातो. एप्रिलच्या मध्यापासून तीच मुलगी संध्याकाळी साडेपाच ते साडेसात गावदेवी मैदानावर किंवा सोसायटीच्या आवारात धावत असते. काम करणारे स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही ग्लुकोज ओढून घेतात आणि खेळ संपल्यावर रिकामे झालेले साठे रात्रभर भरत राहतात. त्यामुळे त्यांची इन्सुलिनला प्रतिसाद देण्याची क्षमता पुढे चोवीस तास किंवा त्याहूनही अधिक काळ वाढलेली राहू शकते. साखर मैदानावरच उतरते असे नाही, ती पहाटे तीनलाही उतरू शकते. म्हणूनच मधुमेही मुलांच्या शिबिरांत पहिल्याच दिवशी मात्रा १० ते २० टक्क्यांनी कमी करण्याची पद्धत आहे. या मुलीच्या बाबतीत तसे केले तर २४ पैकी रात्री घ्यायच्या, समजा, १२ युनिटांतून एक-दोन युनिटे कमी होतील. अर्थात ते तिच्या डॉक्टरांशी बोलून आणि सुट्टी लागण्याच्या आधी ठरवावे.

साखर कमी झाल्याची मुख्य लक्षणे म्हणजे घाम, थरथर, धडधड आणि चिडचिड. मे महिन्यात संध्याकाळी सहा वाजता ठाण्यातल्या कोणत्याही मैदानावर पाहावे, तर प्रत्येक मूल घामाघूम आणि दमलेले असते. एरवी आईच्या डोळ्यांना लगेच दिसणारी खूण या दिवसांत गर्दीत हरवते. अशा वेळी अंदाज न बांधता बोटाला टोचून साखर पाहणे हाच मार्ग उरतो. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल, तर ग्लुकोज पावडर किंवा साखरेचे पाणी द्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. साखर खूप वाढलेली असेल तर लघवीवाटे पाणी जाते, त्यात घामाची भर पडते आणि शरीर कोरडे पडते. कोरड्या शरीरात त्वचेचा रक्तप्रवाह मंदावल्याने इन्सुलिनही नीट उचलले जात नाही. उन्हाळा साखर उतरवतोच असे नाही, ते यासाठी.

आंब्याविषयी थोडक्यात. तुर्भ्याच्या बाजारात हापूसच्या पेट्या येऊ लागल्या की मधुमेही मुलाच्या घरात दरवर्षी तोच वाद होतो. मध्यम आकाराच्या एका हापूसमधून साधारण २० ग्रॅम कर्बोदके मिळतात, म्हणजे वरच्या मुलीला त्यासाठी सुमारे एक युनिट लागेल. फळ मोजून, त्याचे इन्सुलिन घेऊन खाता येते. वाटीभर आमरसाचे मात्र तसे नाही, कारण त्यात किती आंबे आणि किती साखर गेली आहे हे वाढणाऱ्यालाही ठाऊक नसते.

आता इन्सुलिन ठेवायचे कुठे, हा प्रश्न. न उघडलेली कुपी किंवा काडतूस २ ते ८ अंशांत ठेवायचे असते आणि वापरात असलेले बहुतेक प्रकारचे इन्सुलिन २५ ते ३० अंशांपर्यंत सुमारे चार आठवडे टिकते; नेमकी मुदत वेष्टनात दिलेली असते. फ्रिज असलेल्या घरात अडचण निराळीच असते. एका दाराच्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याखाली किंवा मागच्या भिंतीला टेकून ठेवलेले इन्सुलिन गोठते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी निरुपयोगीच असते. फ्रिज नसेल तर मातीच्या मडक्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो चांगला आहे, पण कोकणपट्टीत त्याला मर्यादा आहे. बाष्पीभवनाने मडके किती थंड होईल याला एक तळ असतो आणि तो हवेतील दमटपणावर ठरतो. नागपुरात ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर हा तळ २३ अंशांच्या जवळ येतो. ठाण्यात ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असताना तो २८ अंशांच्या वर राहतो, आणि प्रत्यक्षातले मडके तिथवरही पोहोचत नाही. म्हणजे अधिक तापलेल्या नागपुरातले मडके ठाण्यातल्या मडक्यापेक्षा इन्सुलिन जास्त थंड ठेवते. ठाण्यातही मडके नसण्यापेक्षा असलेले बरे, कारण पत्र्याच्या छपराखालची खोली ३३ अंशांवर थांबत नाही. पण त्यावर विसंबून दोन-तीन महिन्यांचा साठा करू नये. घोडबंदर रोडवरच्या वाहतुकीत अडकलेल्या मोटारीच्या डॅशबोर्डवर किंवा स्कूटरच्या डिकीत तर पेन अजिबात ठेवू नये. उष्णतेने कमकुवत झालेले इन्सुलिन अनेकदा दिसायला स्वच्छच असते, आणि मात्रा वाढवत जाऊनही साखर खाली येत नाही. मे महिन्यात 'गरज वाढली' असे वाटणाऱ्या काही मुलांना खरी गरज असते ती फक्त नव्या कुपीची.

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि पाऊसही त्याच सुमारास येतो, त्यामुळे दोन बदल एकदम होतात. मैदान चिखलाने भरते, खेळ बंद पडतो आणि सुट्टीसाठी कमी केलेली मात्रा अपुरी पडू लागते. ती परत वाढवण्याची आठवण बरेचदा आठवडाभर २५०-३०० चे आकडे पाहिल्यावरच होते. पावसाळ्याचे मुख्य संकट मात्र आजारपणाचे. साधा व्हायरल ताप, मलेरिया, डेंग्यू आणि गॅस्ट्रो हे सर्व जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे ठाण मांडून असतात. तापात शरीर कॉर्टिसॉल, ॲड्रेनालिन आणि ग्लुकागॉन ही संप्रेरके जास्त सोडते. यकृत त्यांच्या सांगण्यावरून साखर रक्तात ओतते आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. मूल काहीही खात नसले तरी त्याची इन्सुलिनची गरज वाढू शकते. नेमकी याच वेळी, 'खाल्ले नाही तर इन्सुलिन कशाला', अशा सदिच्छेने मात्रा बंद केली जाते. इन्सुलिनअभावी चरबी वेगाने विघटित होऊन कीटोन नावाची आम्लधर्मी द्रव्ये रक्तात साचतात, त्याने उलट्या होतात आणि उलट्यांचे खापर पुन्हा पोटाच्या संसर्गावर फुटते. कीटोअॅसिडोसिस या जीवघेण्या अवस्थेपर्यंत जाणारी ही वाट काही तासांची असते. त्यामुळे पायाचे, म्हणजे जेवणाशी संबंध नसलेले, दिवस-रात्र संथपणे काम करणारे बेसल इन्सुलिन कधीही पूर्ण बंद करायचे नाही. साखर २५० च्या वर राहिली किंवा उलट्या सुरू झाल्या तर कीटोन तपासायचे. गॅस्ट्रोत कधी उलटही घडते, आतड्यांतून अन्न शोषले न गेल्याने साखर उतरते आणि मात्रा घटवावी लागते. दोन्ही शक्यता असल्यामुळेच आजारपणाच्या दिवसांचा लेखी आराखडा डॉक्टरांकडून जूनआधी घेऊन ठेवावा. कमरेएवढ्या पाण्यात रिक्षा शोधताना तो विचारता येत नाही.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांवरील विकर (एन्झाइम) दमट हवेत खराब होते, म्हणून डबी प्रत्येक वेळी घट्ट बंद करावी लागते. दिवसभर उघड्या राहिलेल्या डबीतील पट्टीने दाखवलेल्या आकड्यावरून मात्रा बदलणे धोक्याचे आहे.

ऑक्टोबर हीट ही एप्रिलचीच छोटी आवृत्ती आहे, फक्त तिच्या पुढे-मागे दिवाळीचा फराळ असतो. आणि ज्या हिवाळ्यापासून हा विषय सुरू होतो, त्यात आपल्याकडे काय होते? डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी व सुखद असते, शाळांचे क्रीडामहोत्सव याच दिवसांत भरतात, उपवन आणि पाम बीच रोडकडे सकाळी सायकली निघतात. त्या महिन्यात एखाद्या खेळकर मुलाची इन्सुलिनची गरज वाढण्याऐवजी कमीही झालेली आढळू शकते.

गेल्या वर्षीच्या वहीशी तुलना करताना मात्र नुसती युनिटे पाहू नयेत, कारण मूल वर्षभरात वाढलेले असते. एकूण युनिटांना वजनाने भागावे. मुलांच्या मधुमेहावर काम करणाऱ्या इस्पॅड या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शिकेनुसार वयात येण्यापूर्वी दर किलोमागे दिवसाला साधारण ०.७ ते १ युनिट लागते. वयात येताना वाढीच्या संप्रेरकांमुळे ते १ च्या पुढे, कधी २ पर्यंत जाते. ऋतूमुळे होणारा १०-२० टक्क्यांचा बदल या उसळीपुढे लहान आहे. अकरा-बारा वर्षांच्या मुलाची गरज जूनमध्ये वाढली आणि सप्टेंबरातही उतरली नाही, तर पावसाला दोष देण्याआधी त्याची उंची मोजून पाहावी.