दोन्ही ठोक्याच्याच गोळ्या, पण एकीची दुसरीला चालत नाही

"दादा, हिची पण ठोक्याचीच गोळी, माझी पण ठोक्याचीच. माझी काल संपली. दोन दिवस हिच्यातली घेतली तर चालंल की ओ?"

सोलापूरच्या पूर्वभागात आमचं मेडिकल आहे. मे महिन्यातली दुपार, रस्ता ओस, आणि काउंटरवर शेजारशेजारच्या घरातल्या दोघी. विचारणाऱ्या अक्कांच्या हातात मेटोप्रोलॉल ५० ची रिकामी पट्टी होती. मैत्रिणीच्या हातात आयव्हाब्राडीन ५ ची भरलेली. वर अक्कांचा हिशोबही तयार होता: "माझी पन्नासची, हिची पाचची. म्हणजे हिची हलकीच की."

मिलिग्रॅमवरून जोर मोजायचा हा हिशोब मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. एकाच औषधाच्या ५ आणि १० मध्ये तुलना होते. दोन वेगळ्या औषधांच्या ५ आणि ५० मध्ये होत नाही. आयव्हाब्राडीनचा नेहमीचा डोस ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आणि वरची मर्यादा ७.५ मिलिग्रॅम दोनदा. त्या गोळीच्या हिशोबात ५ हा पुरता डोस आहे, हलका नव्हे.

मुळात या दोन गोळ्या ठोके कमी करतात ते दोन वेगळ्या वाटांनी. आमच्याकडे निम्मं गिऱ्हाईक मागावर काम केलेलं, म्हणून मी मागाचंच सांगतो. मागावर मुकादम उभा राहून "चल, आवर, आवर" ओरडतोय. कामगार घाईने चालवतो, झटकाही जोरात देतो. शरीरातला हा मुकादम म्हणजे अॅड्रिनॅलिन आणि त्याची भावंडं. मेटोप्रोलॉल हे बीटा ब्लॉकर. ते कामगाराच्या कानात बोळे घालतं. ओरडणं चालू राहतं, पण पोचत नाही. मग वेग उतरतो, झटक्याचा जोरही उतरतो आणि त्याबरोबर बीपीही. आयव्हाब्राडीन मुकादमाच्या वाटेला जातच नाही. ते थेट मोटरची पुली बदलतं. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो, सायनस नोड. प्रत्येक ठोक्याचा इशारा तिथून निघतो. त्या पेशींमधला एक विद्युतप्रवाह आयव्हाब्राडीन मंद करतं, म्हणून दोन इशाऱ्यांमधलं अंतर वाढतं. वेग कमी होतो, झटक्याचा जोर तेवढाच राहतो आणि बीपीला जवळजवळ धक्का लागत नाही.

बीटा ब्लॉकर जुनं घराणं. जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल आणलं आणि १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आयव्हाब्राडीन त्यामानाने कालचं पोर. युरोपात २००५ मध्ये मान्यता, अमेरिकेत २०१५ मध्ये.

वाटा वेगळ्या म्हणून काळज्याही वेगळ्या, आणि अक्कांच्या बाबतीत सगळ्यात मोठी काळजी गोळी बंद पडण्याची. मेटोप्रोलॉल रोज घेणाऱ्याचं शरीर त्या बोळ्यांना सरावतं आणि आतून कान जास्तच तिखट करून ठेवतं. बोळे एकदम काढले की मुकादमाची साधी हाकही कर्ण्यासारखी ऐकू येते. ठोके उसळतात, बीपी चढतं, आणि ज्याच्या हृदयाच्या नळ्या आधीच अरुंद आहेत त्याच्या छातीत दुखू शकतं, हार्ट अटॅकही येऊ शकतो. म्हणूनच ही गोळी थांबवायचीच असेल तर डॉक्टर एक-दोन आठवड्यांत पायरीपायरीने उतरवतात. अक्कांनी दोन दिवस मैत्रिणीची गोळी घेतली असती तर पुली लहान झाली असती, पण कान उघडेच राहिले असते. आयव्हाब्राडीन एकदम थांबवल्यावर अशी उसळी येते असं मानलं जात नाही. तरी ती गोळीही मनाने सोडायची नाही. ज्या कारणासाठी दिली ते कारण काही सुटलेलं नसतं.

आता बीपीचं. आमच्या उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसच्या आसपास जातो, पाणी कमी पडतं, त्यात पोटात मेटोप्रोलॉल. खाटेवरून झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी आधी बसायचं, मग उभं राहायचं. घरातल्या बीपी मशीनवर तीन आकडे येतात. वरचे दोन बीपीचे, तिसरा ठोक्यांचा. आयव्हाब्राडीनवाले एक काका मशीन घेऊन भांडायला आले होते, "महिना झाला, बीपी आहे तिथंच, तुमची गोळी नकली आहे." गोळी आपलं काम चोख करत होती. तिसरा आकडा ८४ वरून ६६ वर आला होता, आणि काकांनी तो कधी वाचलाच नव्हता.

तिसऱ्या आकड्यावरही डोळे झाकून भरवसा ठेवू नये. मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, दोन बोटं ठेवून नाडी हाताने मोजायला शिकून घ्यावी. आधी पाच मिनिटं शांत बसायचं, मग पूर्ण एक मिनिट मोजायचं. यात आकड्याइतकीच तालाकडे नजर हवी. ठोके सारख्या अंतराने पडतायत, की एक लवकर, एक उशिरा, असे विस्कटलेले? विस्कटलेला ताल अनेकदा एट्रियल फिब्रिलेशनचा असतो. त्या आजारात इशारा सायनस नोडकडून निघतच नाही, वरच्या कप्प्यांत गोंधळ माजलेला असतो. जी मोटर बाजूला पडली तिची पुली बदलून काय उपयोग? म्हणून कायमचं फिब्रिलेशन असलेल्याला आयव्हाब्राडीन निकामी ठरतं. वर ही गोळी घेताना असा ताल सुरू होण्याची शक्यता थोडी वाढते. आयव्हाब्राडीनवर असताना नाडी अचानक विस्कटली, धडधड वाढली, तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं. मेटोप्रोलॉल मात्र याच आजारात ठोके आवरायला सर्रास देतात.

आयव्हाब्राडीनची एक गंमत आहे, ती कुणी आधी सांगितली नाही तर माणूस घाबरतो. डोळ्यांत चमक दिसते: कडेला झगमगती वर्तुळं, कधी एकाच वस्तूच्या दोन-दोन प्रतिमा. हृदयातल्या त्या प्रवाहाचा चुलतभाऊ डोळ्याच्या पडद्यातही असतो आणि गोळी त्यालाही थोडं अडवते. अधिकृत माहितीपत्रकात १४.५ टक्के रुग्णांना असं होतं असा आकडा आहे. बहुतेकांना हे पहिल्या दोन महिन्यांत जाणवतं, आणि उजेड एकदम बदलला की जास्त. आमच्याकडे म्हणजे भर दुपारच्या उन्हातून पत्र्याच्या अंधाऱ्या खोलीत शिरताना. अक्कांच्या मैत्रिणीने ऐकलं आणि कपाळावर हात मारला, "अगं बाई, मी मोतीबिंदू समजून बसले की!" यातली बरीच चमक आपोआप मावळते आणि पडद्याला इजा होत नाही. पण रात्री होटगी रोडवर समोरून ट्रकचे दिवे येत असताना गाडी हाकणाऱ्याने आधी आपल्याला हे होतंय का ते बघून घ्यावं. मेटोप्रोलॉलचं असं काही नाही. तिथे तक्रार येते ती थकव्याची, हातपाय गार पडल्याची.

खाण्याच्या बाबतीत दोघी जवळपास सारख्या. मेटोप्रोलॉल जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर, रोज एकाच पद्धतीने. आयव्हाब्राडीन सकाळ-संध्याकाळ खाण्याबरोबर. फरक फळात येतो. आयव्हाब्राडीनच्या कागदावर 'ग्रेपफ्रूट टाळा' असतं आणि 'ग्रेप' वाचून लोक द्राक्षं सोडतात. नान्नजची द्राक्षं दारात येऊन पडतात त्या सोलापुरात ही केवढी शिक्षा! ग्रेपफ्रूट हे लिंबाच्या जातीचं, संत्र्याहून मोठं फळ. द्राक्षाशी त्याचं नातं फक्त इंग्रजी नावापुरतं. यकृतातलं जे एन्झाइम आयव्हाब्राडीन मोडतं त्याला हे फळ अडवतं, मग रक्तात औषध साचतं आणि ठोके नको तेवढे खाली येतात. आपल्याकडचा पपनस त्याचाच सख्खा, तोही टाळलेला बरा. द्राक्षं खुशाल खावीत, साखरेचं पथ्य नसेल तर.

हेच एन्झाइम काही औषधंही अडवतात: क्लॅरिथ्रोमायसीनसारखं अँटिबायोटिक, बुरशीवरच्या इट्राकोनॅझोलच्या गोळ्या. गजकर्णासाठी इट्राकोनॅझोल मागायला येणारे इथे पुष्कळ, आणि हृदयाची गोळी चालू आहे हे त्यांतला क्वचितच कुणी आपणहून सांगतो. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल या आणखी दोन 'ठोक्याच्या' गोळ्या. त्या आयव्हाब्राडीनबरोबर चालतच नाहीत. मेटोप्रोलॉलबरोबरही डॉक्टरांनी ठरवून दिल्याशिवाय धोक्याच्याच. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब घालणाऱ्यांनी तेही सांगावं. तेही बीटा ब्लॉकरच, डोळ्यातून रक्तात उतरतं.

मेटोप्रोलॉल घेणाऱ्या मधुमेहींसाठी एक गोष्ट. साखर उतरली की छाती धडधडते, हा नेहमीचा इशारा. पण कानात बोळे असल्यामुळे ही धडधड दबते. घाम मात्र फुटतो. नवरात्रात रूपाभवानीचा उपवास, वर इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी, अशा वेळी गार घाम आला की धडधडीची वाट न बघता साखर तोंडात टाकायची. उपवासाआधी डॉक्टरांशी डोसचं बोलून घेणं त्याहून बरं. दम्याच्या रुग्णांनी मेटोप्रोलॉल सुरू होण्याआधीच दम्याचं सांगावं, कारण श्वासनळ्या आवळू शकतात. आयव्हाब्राडीनला ही दोन्ही लफडी नाहीत, पण गरोदरपणात ते चालत नाही.

मेटोप्रोलॉलच्या नावापुढे 'एक्सएल' किंवा 'ईआर' असेल तर ती सावकाश सुटणारी, दिवसातून एकदाची. मधल्या रेघेवर ती अर्धी करता येते. कुटायची किंवा चावायची नाही, नाहीतर दिवसभराचा माल एकदम पोटात. म्हाताऱ्यांना गिळवत नाही म्हणून खलबत्त्यात घालणारी घरं मी पाहिली आहेत. डोस चुकला तर दोन्हींसाठी एकच नियम: पुढच्या वेळी दुप्पट घ्यायची नाही.

गंमत म्हणजे कित्येकांना या दोन्ही गोळ्या एकत्रच दिलेल्या असतात. हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी झालेल्या, साडेसहा हजार रुग्णांवर 'शिफ्ट' नावाची मोठी चाचणी झाली; तिचे निकाल २०१० साली आले. त्यातले बहुतेक बीटा ब्लॉकर घेत होते, तरी ताल नियमित आणि ठोके ७० किंवा वर राहिलेले. त्यांना वरून आयव्हाब्राडीन दिल्याने फायदा दिसला. म्हणजे डॉक्टरांनी मोजूनमापून दोन्ही दिल्या तर उपचार, आणि शेजारणीने वानवळ्यासारखी दिली तर भलतंच. दोन्ही असोत की एक, बसल्या जागी ठोके सारखे ५० च्या खाली जात असतील तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करायचा. सोबत चक्कर, शुद्ध हरपणं, धाप किंवा छातीत दुखणं असेल तर फोनाफोनी न करता १०८.

अक्कांच्या नातवाने व्हॉट्सअॅपवर चिठ्ठीचा फोटो पाठवला. चिठ्ठी चालू महिन्याचीच होती. मी पट्टी काढून दिली आणि कालची चुकलेली धरून आज दोन घेऊ नका म्हणून बजावलं. मैत्रीण आपली पट्टी पदराच्या टोकात बांधत होती.

"बघ, वाचलीस," अक्कांनी तिला सुनावलं. "नाहीतर उद्या तू मला चमचम करणारी गोळी चारली असतीस."