एच-वन-बीची सहा वर्षं आणि 'आपोआप' ग्रीन कार्ड

बडोद्यात दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत मराठी घरांत हमखास ऐकू येतं: "सहा वर्षं एच-वन-बीवर काढली की ग्रीन कार्ड मिळतंच." मिळत नाही. एच-वन-बी हा अमेरिकेत नोकरी करायचा तात्पुरता व्हिसा, ग्रीन कार्ड म्हणजे तिथं कायम राहायचा परवाना. सहा वर्षं ही त्या व्हिसाची नेहमीची कमाल मुदत आहे, पात्रता नव्हे.

नोकरीवरच्या ग्रीन कार्डाची सुरुवात बहुतेकदा कंपनीच करते. आधी पर्म, म्हणजे त्या जागेसाठी लायक अमेरिकी माणूस मिळाला नाही असं श्रम खात्याचं प्रमाणपत्र, मग आय-१४०, म्हणजे कंपनीने तुमच्यासाठी केलेला अर्ज, नंबर लागला की आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डासाठी तुमचा स्वतःचा अर्ज. पर्म दाखल झाल्याची तारीख हाच रांगेतला नंबर. रांग पासपोर्टवर नाही, जन्मदेशावर ठरते. दरेक देशाला वर्षाच्या कोट्यातल्या ७ टक्क्यांची मर्यादा, म्हणून भारतीयांची रांग वर्षानुवर्षं लांबते. जोडीदार दुसऱ्या देशात जन्मलेला असेल तर मात्र त्याच्या रांगेतून जाता येतं. हे फारसं कुणी सांगत नाही.

पर्म किंवा आय-१४० दाखल होऊन ३६५ दिवस उलटले, तर सहा वर्षांपुढे एकेक वर्षाची वाढ मिळते. आय-१४० मंजूर असून नंबर अडला असेल तर तीन वर्षांपर्यंत. तेव्हा पाचवं वर्ष लागायच्या आधीच एचआरच्या मागे लागा.

बडोद्यात खरा घोळ ग्रीन कार्डाला लागणाऱ्या जन्माच्या कागदांचा. जुन्या जन्मदाखल्यावर बाळाचं नावच नसतं. शाळेच्या दाखल्यात वडील 'सुरेशभाई', पासपोर्टवर 'सुरेशराव'. नाव महापालिकेत आत्ताच नोंदवून घ्या. जन्माची नोंदच नसेल तर तसं प्रमाणपत्र घ्या, सोबत शाळेचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं जोडा.