गोल्फच्या ग्रीनखाली पाणी मुद्दाम का अडवतात?

‘पावसाळा लागला, आता गवताकडे बघायला नको’ हा समज घरच्या अंगणापुरता चालून जातो. पुण्या-मुंबईच्या गोल्फ कोर्सवर मात्र जून ते सप्टेंबर या मंद हंगामातच गवत सगळ्यात जास्त मरतं, आणि तेही बहुतेक ग्रीनवर. ग्रीन म्हणजे भोकाभोवतीचा, तीन-चार मिलिमीटर उंचीवर कापलेला पट्टा. तिथलं गवत हरळीचाच संकर असतं: गणपतीला वाहतो ती दूर्वा आणि तिच्याच कुळातली एक आफ्रिकी जात यांच्यापासून झालेलं. हा संकर वांझ आहे, बी धरत नाही. मेलेल्या जागी कांड्याच लावाव्या लागतात. म्हणून आहेत ती मुळं जपायची. मुळांना पाण्याचा त्रास नसतो, त्यांना हवा मिळत नाही हा त्रास असतो. ऑक्सिजन हवेत पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट हळू पाण्यात पसरतो.

मग ग्रीन वाळूचं करा, पाणी आपोआप खाली जाईल! केलेलं असतंच. अमेरिकेच्या गोल्फ असोसिएशनने १९६० साली प्रसिद्ध केलेली आणि पुढे अनेकदा सुधारलेली रचना जगभर वापरतात: तळाशी चरांमध्ये भोकं असलेले १०० मिमी व्यासाचे पाइप, त्यावर १०० मिमी बारीक खडी, आणि वर ३०० मिमी वाळूप्रधान मिश्रण. गंमत अशी की वाळूतलं पाणी त्या खडीत सहजासहजी उतरत नाही. वाळूच्या तळाशी ते अडकून बसतं, आणि ही रचना नेमकी त्यासाठीच आहे.

कारण केशाकर्षण. बारीक छिद्र पाणी वर ओढून धरतं. किती उंच, याचा ढोबळ हिशेब सोपा आहे: १५ ला छिद्राच्या मिलिमीटरमधल्या त्रिज्येने भागा, उंची मिलिमीटरमध्ये मिळते. वाळूतल्या ०.१ मिमी त्रिज्येच्या छिद्रात पाणी १५० मिमीपर्यंत टिकतं. खडीतली पोकळी १ मिमी त्रिज्येची धरली, तर तिची ओढ जेमतेम १५ मिमीची. वाळूने घट्ट धरलेलं पाणी खडीला ओढून घेता येत नाही. वरच्या पाण्याचा दाब वाळूच्या ओढीपेक्षा जास्त झाला तरच ते खाली सुटतं. म्हणजे ३०० मिमीच्या थरात खालचे साधारण १५० मिमी ओले राहतात आणि वरच्या १५० मिमीत हवा खेळते. उन्हाळ्यात तोच तळचा साठा मुळांच्या कामी येतो.

घरी पडताळायचं असेल तर भांडी घासायचा आयताकृती स्पंज पूर्ण भिजवून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की उभा करा, पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, छिद्रं तीच, फक्त उंची वाढली. कुंडीच्या तळाशी ‘निचऱ्यासाठी’ खापऱ्या आणि खडे भरणारे मातीची उंची कमी करतात आणि ओला थर मुळांच्या आणखी जवळ आणतात.

आता खरं दुखणं. गवताच्या मेलेल्या काड्या-मुळांचा थर, म्हणजे थॅच, आणि बारीक धूळ वाळूच्या छिद्रांत साठत जाते. त्रिज्या ०.१ वरून ०.०५ मिमीवर आली की हिशेबाने उंची ३०० मिमी होते. म्हणजे अख्खा थर ओला, पाइप कितीही मोकळे असोत.

यावरचा उपाय पावसाआधीच करायचा असतो, एप्रिल-मेमध्ये, गवत जोमात असताना. १२ मिमीच्या पोकळ टाइनने, म्हणजे जमिनीत खुपसायच्या दांड्याने, ५० मिमी अंतरावर, ७५ ते १०० मिमी खोल भोकं पाडून मातीच्या कांड्या उचलून न्यायच्या. एका फेरीत जेमतेम साडेचार टक्के पृष्ठभाग निघतो, म्हणून थॅच जाड असेल तर दोन फेऱ्या. भोकं कोरड्या वाळूने काठोकाठ भरायची. अर्धवट भरलेली भोकं वरून मिटतात. ही वाळू मूळ थराशी जुळणारी हवी: किमान ६० टक्के कण ०.२५ ते १ मिमीचे, आणि ०.१५ मिमीखालचे सगळे मिळून १० टक्क्यांच्या आत. बांधकामासाठीच्या दगडचुऱ्याच्या वाळूत भारतीय मानक १५० मायक्रॉनखालचे कण २० टक्क्यांपर्यंत चालवून घेतं. काँक्रीटला ते ठीक. ग्रीनवर पसरली, तर जाड वाळूवर बारीक वाळूचा पापुद्रा तयार होतो आणि पाणी अडायची दुसरी जागा थेट मुळांच्या गड्ड्याशी येते. ‘जमीन मोकळी करणारं’ म्हणून जिप्समही विकलं जातं. ते सोडियमने बिघडलेल्या चिकणमातीत काम करतं. वाळूत निचऱ्यासाठी ते टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.

पाऊस सुरू झाला की कापणीची उंची ३.५ वरून ५ मिमीवर न्यायची. ढगांमुळे प्रकाश कमी मिळतो, तेव्हा पानाचं क्षेत्र तरी वाढू द्यावं. नत्र थोडं थोडं द्यायचं; युरियाचा मोठा हप्ता लुसलुशीत पानं आणतो आणि बुरशीला आमंत्रण देतो. उघडीप मिळेल तेव्हा ६ ते ८ मिमीच्या भरीव टाइनने भोकं पाडायची. पहाटे ग्रीनवर बगळे-साळुंक्या जमायला लागल्या तर अळीची शंका घ्या: दोन चमचे भांड्यांचं पातळ साबण चार-पाच लिटर पाण्यात कालवून एक चौरस मीटरवर ओता, लष्करी अळ्या काही मिनिटांत वर येतात. फेअरवेच्या, म्हणजे ग्रीनपर्यंत नेणाऱ्या लांब हिरवळीच्या, काळ्या जमिनीवर मात्र वाफसा आल्याशिवाय ट्रॅक्टर घालायचाच नाही.

निचऱ्याबद्दल एक. रिमझिम पावसात पाइपचं तोंड कोरडं दिसलं म्हणून खणायला घेऊ नका. वाळू भरल्याशिवाय पाणी सुटणारच नाही. मुसळधार पावसात ग्रीनवर पाणी उभं आणि तोंड तरीही कोरडं, असं दिसलं तर चेंडूचं भोक पाडायच्या १०८ मिमीच्या कटरने एक कांडी काढा. खालची वाळू कोरडी निघाली तर दोष वरच्या पापुद्र्यात. सगळी चिंब निघाली तर पाइप तुंबलाय. आणि मध्ये काळा पट्टा दिसून सडक्या अंड्यांचा वास आला, तर तिथे बराच काळ हवा पोचलेली नाही: ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जिवाणूंनी सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड केलंय आणि लोहाशी त्याचा संयोग होऊन तो काळा रंग आलाय. अशा ग्रीनवर आधी गंधकयुक्त खतं बंद, मग त्या पट्ट्याच्या खालपर्यंत पोचतील अशा लांब टाइन.