पॉटलक, काला आणि राहून गेलेला डबा

आमच्या शाळेच्या ग्रुपवर नेरूळच्या मैत्रिणीने लिहिलं, "रविवारी माझ्याकडे पॉटलक, प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा." नौपाड्यातून लगेच उत्तर, "सरळ अंगतपंगत म्हण की गं." तिसऱ्याचं म्हणणं पडलं की अंगतपंगत शाळेतल्या मधल्या सुट्टीत, मोठ्यांची ती डबा पार्टी. चौथीने आठवण काढली, तिच्या आईच्या महिला मंडळात याला 'वन डिश पार्टी' म्हणत. मेनू राहिला बाजूला, दोन दिवस शब्दावरच खल. चौघांचंही बरोबर होतं, फक्त चौघांचे शब्द वेगवेगळ्या काळातून आलेले.

पॉटलक हा शब्द जुना आहे, पण त्याचा जुना अर्थ भलताच. १५९२च्या सुमाराच्या एका इंग्रजी नाटकात तो सापडतो. तेव्हा त्यात कुणी काही घेऊन येत नसे. अवचित पाहुणा आला की चुलीवरच्या हंडीत जे असेल ते त्याचं नशीब, एवढाच अर्थ. आपल्याकडे "असेल ती मीठभाकर खाऊन जा" म्हणतात तसं. प्रत्येकाने आपापलं भांडं घेऊन यायचं हा अर्थ पुढे अमेरिकेत चिकटला. चर्चच्या आवारातल्या सामूहिक जेवणांनी तो रुळवला आणि १९३०च्या दशकातल्या मंदीत, एका घराला सगळ्यांना जेवू घालणं परवडेना तेव्हा, तो पक्का झाला. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांच्या 'पॉटलॅच' समारंभाशी त्याचं नातं जोडलं जातं, ते निव्वळ नावातल्या साम्यामुळे. पॉटलॅचमध्ये यजमान आपली संपत्ती पाहुण्यांना वाटून टाकतो, म्हणजे पॉटलकच्या नेमकं उलटं. कॅनडा सरकारला हे वाटून टाकणं इतकं खुपलं की १८८५ ते १९५१ त्यावर कायद्याने बंदी होती.

आपल्याकडचा धागा शोधायचा तर भागवताच्या दशम स्कंधापर्यंत जावं लागतं. तेराव्या अध्यायात कृष्ण आणि त्याचे सवंगडी वासरं चरायला सोडून यमुनेच्या वाळूत जेवायला बसतात. मध्ये कृष्ण, भोवती कमळाच्या पाकळ्यांसारखी गोलाकार बसलेली पोरं. कुणी पानावर वाढून घेतलंय, कुणी झाडाच्या सालीवर, कुणी थेट दगडावर. आणि प्रत्येक जण आपापल्या शिदोरीची चव दुसऱ्याला दाखवतोय, हसतोय, हसवतोय. "माझ्या आईने केलंय, चाखून बघ" हे वाक्य संस्कृतात इतकं जुनं आहे. खाण्यात आणि गप्पांत वासरांकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही आणि ब्रह्मदेवाने ती पळवली. रविवारी दुपारी पोरांना शेजारच्या खोलीत सोडून जेवत बसलेल्या आईबापांना हा प्रसंग समजावून सांगायची गरज नाही.

मराठीत त्याचा गोपाळकाला झाला. आषाढी वारीची सांगता आजही पंढरपूरजवळ गोपाळपुरात काल्याने होते. पौर्णिमेला काला झाला की वारकरी परतीला लागतात. कीर्तन सप्ताहाचा शेवटही काल्याच्या कीर्तनाने. काल्यात पदार्थ शेजारी शेजारी ठेवत नाहीत, एकमेकांत कालवतात. कुणाची लाही, कुणाचं दही, कुणाचं लोणचं, हे शेवटी ओळखू येऊ नये असाच बेत असतो. ठाण्यात मात्र काल्याचं नाव घेतलं की लोक आधी वर, दहीहंडीच्या थरांकडे बघतात. २०१२ साली याच शहरात जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ९ थर लावून १३.३४ मीटरचा विक्रम गिनीज बुकात नोंदवला. थर वाढले, बक्षिसं वाढली, डीजे वाढला. खाण्याचा काला द्रोणात दोन चमचे पोहे-दही एवढाच उरला.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, चला, म्हणजे पॉटलक आपलंच. इतकं सोपं नाही ते. कृष्णाचे सगळे सवंगडी एकाच गोकुळातले होते. आपल्याकडे दुसऱ्या जातीच्या घरात शिजलेलं खाणं हीच तर अडचण होती. लग्नाकार्यातली पंगत मोठी असायची, पण आचारी कोण, वाढपी कोण आणि पंक्तीला कोण, हे आधी ठरलेलं. 'रोटी-बेटी व्यवहार' या जोडशब्दात रोटी पहिली येते ती उगाच नव्हे.

मुंबईत १८४९ साली दादोबा पांडुरंग आणि मंडळींनी जातिभेद मोडायला परमहंस सभा काढली, ती गुप्त. आत येणाऱ्याची परीक्षा म्हणजे ख्रिस्ती बेकरीवाल्याने भाजलेला पाव खाऊन दाखवायचा. आज ज्या पावाशिवाय ठाण्याची मिसळ पुढ्यात येत नाही, तो खाणं तेव्हा बंड होतं. १८६०मध्ये सभासदांची यादी बाहेर फुटली आणि घाबरून सभाच मोडली. तीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १८९० रोजी, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. उपस्थितांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. नावं छापून आली, ग्रामण्य म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद झाला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. एका कप चहासाठी! पुढे रत्नागिरीत सावरकरांची सहभोजनं झाली, 'समतानंद' अनंत हरी गद्र्यांनी झुणका-भाकर सत्यनारायण गावोगावी घातले. आणि १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण करू न दिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी स्पष्ट सांगून ठेवलं की नुसत्या सहभोजनाने जात मरत नाही. खरा उपाय आंतरजातीय विवाह.

ते अजून खरं आहे. आमच्याच जेवणात वालाचं बिरडं येतं, ऐरोलीच्या आगरी मित्राकडून तांदळाची भाकरी आणि सुका जवळा येतो, ठाण्यातल्या जुन्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती घरातली मैत्रीण बाटली मसाल्यातलं चिकन आणते. सगळे सगळ्यांचं खातात. पण एखाद्या सोसायटीच्या हॉलमध्ये पॉटलक ठरलं की पहिली सूचना येते, "प्युअर व्हेज हं." ज्याच्या घरची खासियतच मासळी, तो मग वेफर्सची पाकिटं घेऊन येतो आणि कोपऱ्यात बसतो. रेषा पुसली गेली नाही, थोडी सरकली. हे माझं मत. ग्रुपवर यावरून भांडण झालेलं आहे.

आता ठाण्याकडे वळू. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यालाच थांबली, पण शहराची खरी भरती नंतरची. १९६०च्या दशकात वागळे इस्टेट उभी राहिली, ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले आणि गिरगाव, दादर, परळच्या चाळींतली बिऱ्हाडं हळूहळू या बाजूला सरकू लागली. चाळीत पॉटलकची गरज नव्हती, कारण तिथे ते रोजच चाले. भाजीची वाटी शेजारी जायची, आणि वाटी रिकामी परत पाठवायची नाही हा अलिखित कायदा. काही नसलं तर चिमूटभर साखर घालून द्यायची. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या बाईला गॅलरीतल्या प्रत्येक घराच्या आमटीची चव ठाऊक असे. फ्लॅटमध्ये आल्यावर दार बंद झालं, वर सेफ्टी डोअर लागलं. वाटी फिरायची थांबली. मग कोजागिरीला गच्चीवर मसाला दूध, गणपतीत महाप्रसाद, एकतीस डिसेंबरला "प्रत्येकाने एक पदार्थ" अशा ठरवून भेटी सुरू झाल्या. दार उघडायला निमित्त लागू लागलं.

नवी मुंबईत तर सगळेच नवे. हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ, सिडको, १७ मार्च १९७०ला स्थापन झालं. ज्या ९५ गावांच्या जमिनी गेल्या ती आगरी-कोळी मंडळी एकमेकांना पिढ्यान्पिढ्या ओळखत होती. सेक्टरमध्ये राहायला आलेल्यांना मात्र पत्ता म्हणजे नुसते आकडे. वाशीत जेएन-वन, जेएन-टू टाइपच्या घरांत शेजारी तामिळ बँकवाले, समोर सांगलीचे, वर मलयाळी नर्स. ओळखीचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे इडलीच्या बदल्यात थालीपीठ. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, ज्यांनी प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासोबत खाडीपलीकडच्या या शहराची कल्पना मांडली होती, त्यांनी १९८०च्या दशकात बेलापूरला आर्टिस्ट्स व्हिलेज बांधलं. तिथे सात-सात घरांमध्ये मिळून साधारण ८ मीटर बाय ८ मीटरचं एक अंगण ठेवलं. सात घरांची सात पातेली मांडायला नेमकी पुरेल एवढी जागा. पुढे तिथल्या बऱ्याच घरांवर मजले चढले, पण अंगणांची कल्पना मला आजही टॉवरच्या 'क्लब हाउस'पेक्षा शहाणी वाटते. क्लब हाउसचं आधी बुकिंग करावं लागतं.

ठाणे आणि वाशी नकाशावर शेजारी, पण जाणं सोपं नव्हतं. मुंबईहून वाशीला जाणारा पहिला खाडीपूल १९७३चा, आणि वाशीला लोकल पोचली ती १९९२ मध्ये. ठाण्याहून जायचं तर कळव्यावरून बेलापूर रोडची धूळ खात बसने, नाहीतर उलटं कुर्ल्याला जाऊन हार्बर पकडायची. आमची मैत्रीण १९९५ मध्ये लग्न होऊन वाशीला गेली आणि जणू परगावी गेली. लहान मूल, नोकरी, सासूबाईंचं पथ्य. त्यात दोन गाड्या बदलून माहेरच्या मैत्रिणींना भेटायला कोण येणार? फोन कमी झाले, मग दिवाळीचं कार्डही. भांडण नाही, काही नाही. नुसतं राहून गेलं. २००४ मध्ये ठाणे-वाशी ट्रान्सहार्बर लोकल सुरू झाली आणि अंतर अर्ध्या तासावर आलं, पण तोवर एकमेकींचे नंबर बदलले होते.

ते सापडले व्हॉट्सअॅपमुळे. आमचा ग्रुप २०१४चा. पहिले सहा महिने सुविचार, मग "भेटायला हवं रे", मग पुन्हा सुविचार. हॉटेलात दोनदा भेटलो. एकदा बिलावरून अवघडलेपणा आला. कॉलेजात टीटीएमएम, तुझं तू माझं मी, हे हसत चालायचं. पण पन्नाशीत एकाची नोकरी गेलेली, दुसऱ्याचा फ्लॅट हिरानंदानीत, अशा वेळी मेनूकार्डाच्या उजव्या बाजूला बघून मागवणारा मित्र सगळ्यांना दिसतो. तो तिसऱ्या वेळी आलाच नाही. डब्याला उजवी बाजू नसते. त्याने पुढच्या खेपेला घरची लसणाची चटणी आणली, दोन मोठ्या बरण्या, आणि त्या सगळ्यांत आधी संपल्या.

व्यवहाराच्या गोष्टी काळाने शिकवल्या. कोण काय आणणार हे न ठरवल्यास तीन बटाटाभाज्या आणि पाच गुलाबजाम होतात. लोकलने येणाऱ्याने सोलकढी आणू नये. तुर्भ्याला गाडीने हिसका दिला की बॅगेला जन्मभर कोकमाचा वास. मसालेभात, पुरणपोळ्या, खरवस, तिखटमिठाच्या पुऱ्या सुखरूप पोचतात. कॅसरोल आल्यापासून पोळ्यांची चिंता मिटली. भात शक्यतो यजमानाने लावावा, तो प्रवासात गारठतो.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. यजमानीणबाईचा एकटीचा रगाडा वाटून घेतला हे पॉटलकचं मोठं काम. पण वाटून घेतला तो इतर बायकांनीच. यादीत पुरुषांच्या नावापुढे कोल्ड्रिंक, बर्फ, आइस्क्रीम, पेपर प्लेट्स. गेल्या वर्षी एका मित्राने स्वतः केलेली अळूवडी आणली. उकड थोडी कच्ची होती, तरी टाळ्या पडल्या. पंचवीस वर्षं उत्तम अळूवडी करणाऱ्या त्याच्या बायकोने तेवढ्यापुरतं बेसिनकडे बघितलं.

नेरूळला रविवारी आम्ही सोळा जण होतो. निघताना नेहमीसारखी उरल्यासुरल्याची वाटावाटी, कुणाचं झाकण कुणाच्या डब्याला. पूर्वी स्टीलच्या भांड्यावर नाव आणि साल कोरून घेत, ते याच गोंधळासाठी. घरी येऊन पिशवी उपसली तर तळाशी एक उभट डबा, आमचा नव्हे. बुडाला कोरलेलं: यजमानीणबाईच्या आईचं नाव आणि १९८४. याच डब्यातून मधल्या सुट्टीत आम्ही गूळपोळी ओरबाडून खायचो. काकू जाऊन आता सहा वर्षं झाली.

डबा घासून ओट्यावर ठेवलाय. ग्रुपवर फोटो टाकला, तर तिचं एवढंच उत्तर, "रिकामा आणू नकोस." गूळपोळी मला येत नाही. तिळाचं सारण कितपत परतायचं ते नौपाड्यातलीला विचारलंय. ती म्हणते, शनिवारी ये, शेजारी उभी राहून करून घेते.