रंग रसायनाचा नव्हे, आकाराचा

बेळगाव-निपाणीकडच्या कॉलेजांत अजून ऐकू येतं: नॅनोस्फटिकांत (काही नॅनोमीटरच्या इवल्या स्फटिकांत) रंगद्रव्य मिसळतात, म्हणून ते चमकतात. साफ चूक. थायोल (गंधकयुक्त सेंद्रिय रेणू) आवरणाचे कॅडमियम टेल्युराइडचे नॅनोस्फटिक पाण्यात, एकाच चंबूत १०० अंशांवर उकळत ठेवा. सुरुवातीचा नमुना अतिनील दिव्याखाली हिरवा, कित्येक तासांनंतरचा लाल. कण वाढला, एवढंच.

बिघडतं ते आधीच. हवा हाकलायला चंबूत नायट्रोजन नीट सोडला नाही तर कच्च्या मालातलं टेल्युराइड हवेतल्या ऑक्सिजनने बिघडून काळा गाळ बसतो. सामू (pH) ११ च्या आसपास हवा; आम्लाकडे झुकला की थायोल सुटतं, कण गोळा होतात, चमक जाते. म्हणून या कणांची चमक विझते का ते पाहून विहिरीच्या पाण्यातलं तांबं तपासताना आधी बफर (सामू स्थिर ठेवणारं द्रावण) घाला. तरीही चमक विझली म्हणजे तांबंच, असं नाही. पारा आणि चांदीही ती विझवतात. (कॅडमियम विषारी आहे, उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका.)